मृणालीवहिनीचा सत्कार

ज्या दिवशी मृणाली तरेचा दरवाज्याएवढा फोटो वाचनालयाच्या खिडकीवर टांगला गेला, त्या दिवशी आपण कोरियन शिकायलाच नको होतं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. फोटोचं एक वेळ जाऊ द्या. तो पुतणीच्या हळदीतला होता, डोळे अर्धवट मिटलेले आणि तोंडात बहुतेक जिलेबी. खरा घोटाळा असा, की तो फलक नेमका तिच्या खिडकीवर आला होता. त्या खोलीत उजेड यायचा तो त्या एका खिडकीतून, आणि त्या उजेडात असलेली एकुलती एक बरी खुर्ची दुपारी मृणालीची असायची. आता आत बसून तिला आपल्याच चेहऱ्याची पांढरी पाठ दिसत होती आणि पुढ्यातल्या पुस्तकातलं अक्षर मात्र दिसत नव्हतं.

फलकावर लिहिलं होतं, 'कोरियन भाषेच्या महापंडिता, पूर्णा गावची शान, आमच्या लाडक्या वहिनी सौ. मृणाली मनोज तरे यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुक म्हणून कुणालभाऊ तरे मित्र मंडळ आणि त्या मंडळातल्या झाडून सगळ्यांचे गॉगल लावलेले चेहरे. वहिनीच्या फोटोपेक्षा दिराचा फोटो किंचित मोठा होता, पण ते चालायचंच.

कुणाल हा तिचा धाकटा दीर. माणूस मनाने चांगला, आणि हीच खरी अडचण. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मृणाली मूळची कोन गावची, कल्याण-भिवंडी रस्त्यावरची. तिच्या शाळेत पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती. ती किल्ली दर वर्षी हरवायची आणि मुलं शाळा सोडून गेली की सापडायची. काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचून वाचून मृणालीने बारावी केली, आणि मग लग्न होऊन ती पूर्ण्याला तऱ्यांच्या घरी आली. तेव्हा घराच्या मागे भातशेती होती आणि पलीकडे खाडीचा वारा. आता मागे गोदामं आहेत, पुढेही गोदामं आहेत, आणि वारा कुठून येतो ते कुणालाच सांगता येत नाही. शेती गेली, भाडी आली, टेम्पो आले. घरातल्या बाईचं काम कमी होईल असं तिला वाटलं होतं. ते कमी झालं नाही. पूर्वी शेतावरच्या माणसांना चहा लागायचा, आता ड्रायव्हरांना, हमालांना आणि एजंटांना लागतो.

त्या घरात हाक मारायची फार वाईट सवय आहे. टॉवेल कुठे आहे, लाईट का गेली, दारात कोण आलंय, काल आलेला तो माणूस कोण होता, सगळ्याला उत्तर एकच, 'मृणाली'. नवरा मनोज वरच्या मजल्यावरून हाक मारतो, कुणाल अंगणातून मारतो, आणि सासू धोंडूबाई बसल्या जागेवरून मारतात, कारण नसतानाही मारतात, नुसतं बघायला की ही घरात आहे ना. मोबाईल आल्यापासून तर हाकेला कुंपणच राहिलं नाही.

वाचनालय तिला सापडलं ते शिंप्यामुळे. ब्लाऊज घ्यायला ती भिवंडीत आली, तर शिंपी जेवायला गेलेला. उन्हात उभं तरी किती राहायचं म्हणून ती समोरच्या साड्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढली. वर एक लांबट खोली होती. भिंतीला कपाटं, मधे टेबलं, त्यांवर मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू वर्तमानपत्रं, आणि खिडकीपाशी 'स्त्रियांसाठी' अशी पाटी लावलेलं एक टेबल, ज्यावर एकही स्त्री नव्हती. खालच्या गल्लीतल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड अखंड चालू होती, पण ती खडखड काही मागत नव्हती. भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं होतं. ज्याने कुणी ते लिहिलं त्याच्या पाया पडावं, असं मृणालीला वाटलं. ती बसली, आणि बराच वेळ कुणी तिला हाक मारली नाही. शिंपी जेवून आला, झोपून उठला, तरी ती तिथेच होती.

मग ती दुपारची येऊ लागली. घरी कधी शिंपी सांगितला, कधी बँक, कधी दाताचा डॉक्टर. तिचे दात इतके खराब कसे, असा प्रश्न मनोजला पडला नाही. ग्रंथपाल अनंता हा शेलार नावाच्या गावचा, अबोल माणूस. ती आली की तो काही न बोलता खिडकीचं दार उघडायचा. समोरच्या टेबलावर अन्सारी चाचा उर्दू पेपर चष्म्याला टेकवून वाचायचे आणि पान उलटताना एकदा खोकायचे. बस, एवढीच काय ती ओळखपाळख. मृणालीच्या सबंध दिवसातला हाच एक तुकडा असा होता, ज्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

आता कोरियनचं सांगायचं तर तो उद्योग तिच्या मुलीचा, ऋतिकाचा. कॉलेजात असताना तिला कोरियन गाण्यांचं वेड लागलं, घरात पुस्तकांचा गठ्ठा आला, आणि वेड दुसरीकडे वळलं तसा गठ्ठा फ्रीजवर जाऊन बसला. मृणाली तो रोज पुसायची. रोज पुसायचं आणि उघडायचं नाही, हे तिला शाळेतल्या कपाटाची आठवण करून द्यायला लागलं. म्हणून एक पुस्तक पिशवीत घालून ती वाचनालयात घेऊन आली.

पुस्तकातल्या धड्यांनी तिचं डोकं उठवलं. बँक कुठे आहे. दोन कॉफी द्या. माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे. पूर्ण्यात बसून ती कोणाकडे कोरियनमध्ये दोन कॉफी मागणार होती? पण अगदी शेवटच्या पानावर, उरलेली जागा भरायला टाकावी तशी, चार ओळींची एक कविता होती. बर्फ, आजी आणि दारात ठेवलेल्या चपला. त्या कवितेचा अर्थ लावायला तिला कितीतरी दुपारी लागल्या. आधी अक्षरं, मग शब्द, मग एका शब्दाला चिकटलेलं शेपूट कशाला आहे ते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं हे कळलं तेव्हा तिला परक्या गावात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि एका दुपारी त्या चार ओळी एकदम उघडल्या. आजी गेली होती आणि चपलांत बर्फ साठत होता. मृणाली खिडकीपाशी बसून रडली. अन्सारी चाचा एकदा खोकले आणि त्यांनी पेपर थोडा वर धरला.

त्यानंतर ती कवितांमधूनच शिकली. धडे गेले खड्ड्यात. ऋतिकाकडून तिने शाळकरी मुलांसाठीची कवितांची पुस्तकं मागवून घेतली आणि एकेक कविता भाकरीच्या पिठासारखी मळत बसली. त्यामुळे तिची कोरियन अशी झाली की दव, चंद्र, उंबरा, पोरकी बदकं हे सगळं तिला येत होतं, आणि उजवीकडे, डावीकडे, किती, केव्हा यातलं काही येत नव्हतं. तिला त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं. तिला कुठे जायचं नव्हतं. तिला त्या खुर्चीवर बसायचं होतं.

याच वाटेवर तिला मिठाची कविता भेटली. मिठाला तिकडे सोगुम म्हणतात आणि तिकडेही समुद्राचं पाणी वाफ्यांत अडवून मीठ पिकवतात, हे वाचून ती चकित झाली. धोंडूबाईंनी पोरवयात मिठागरावर काम केलेलं. त्यांच्या टाचांवरच्या भेगा अजून त्याची साक्ष देतात. ही कविता मृणालीला पाठ करावीशी वाटली. ती भाकऱ्या थापताना ओळी म्हणू लागली, आणि तिथेच माशी शिंकली.

धोंडूबाई त्यांच्या उमेदीत धवलारीन होत्या. लग्नात धवले गाणारी बाई. भटजी नंतर, धवलारीन आधी, असा तो मान. शेकडो धवले त्यांना तोंडपाठ, आणि अक्षर मात्र एकही ओळखीचं नाही. आता हळदीत डीजे लागतो, इतका मोठा की ताटं हलतात, आणि धवलारणीला कुणी बोलावत नाही. पण सवय जात नाही. धवल्यात एकीने ओळ म्हटली की बाकीच्यांनी ती उचलायची असते. ओळ एकटी पडू द्यायची नाही, ते बरं नसतं, असं धोंडूबाईंचं मत. तेव्हा चुलीपाशी मृणालीने कोरियन ओळ म्हटली की मागून पाटावर बसलेल्या धोंडूबाई ती उचलायच्या. वाकडीतिकडी, त्यांच्या दातांत बसेल तशी, पण सुरात.

मृणाली वैतागायची. आई, तुम्ही मधे म्हणू नका, माझं चुकतं, असं तिने कितीदा सांगितलं. धोंडूबाई बरं म्हणायच्या आणि पुढची ओळ उचलायच्या. आपली म्हणावी अशी एकही जागा तिला उरली नव्हती, जिथे सासूबाई पोचल्या नाहीत, अगदी कोरियापर्यंत.

हे सगळं ऋतिकाने फोनवर टिपलं आणि कुठेतरी टाकलं. टाकलं म्हणजे काय, जगाच्या अंगणात नेऊन ओतलं. दुपारपर्यंत पूर्णा गावाने ते पाहिलं, संध्याकाळपर्यंत कुणालने. तो अंगणातून हाक मारत आला आणि त्याने वहिनीच्या पायांना हातच लावला. एवढा गुण अंगात असून वयनी गप कशी राहिली, हे त्याला समजेना. त्यात ती हे शिकली कुठे याची चौकशी झाली, दाताच्या डॉक्टरांचं बिंग फुटलं आणि ती वाचनालयात जाऊन बसते हेही सगळ्यांना कळलं.

आणि मग तिचं जगणं मुश्कील झालं. कुणालच्या एका गोदामात कोरियन कंपनीची खोकी यायची. तो त्यांवरच्या चिकटपट्ट्यांचे फोटो धाडून विचारू लागला, वयनी, यावर काय लिव्हलंय? ती बघायची तर सगळं यंत्रांचं. बर्फ नाही, चंद्र नाही, एखादं बदकसुद्धा नाही. मला येत नाही असं तिने कळवलं की तो हसरी तोंडं धाडायचा. त्याच्या मते ती लाजत होती. गावातल्या बाया पोरांना घेऊन आल्या आणि कोरियाला नोकरी लागेल का ते विचारून गेल्या. नणंद रीमा माजिवड्याहून खास आली, थेट वाचनालयात, डब्यात वडे घेऊन. स्त्रियांच्या टेबलावर वडे उघडले गेले. तू वाच गो, आम्ही काय बोलत न्हाय, असं म्हणून ती दुपारभर बोलत राहिली. अनंता 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभा राहून पाटीकडे बघत होता. अन्सारी चाचांनी शेवटी पेपर खाली ठेवला.

"बेटी," ते म्हणाले, "पहले यहाँ सिर्फ लूम का शोर था."

त्यांना रागावता येत नव्हतं, आणि मृणालीला तेच लागलं. त्यानंतर फलक आला.

तिने त्याच दिवशी कुणालला सांगितलं, फलक काढ, मला वाचायला दिसत नाही. तो म्हणाला, रविवारी सत्कार आहे, तोवर राहू दे. कुठला सत्कार? तर वाचनालयातच, तिचा. आणि वाचनालयाच्या मंडळींशी त्याचं बोलणं झालं होतं. तो स्वखर्चाने खोली नवी करून देणार होता. एसी, चकचकीत फरशी, आणि खिडकीपाशी ते जुनं टेबल काढून तिथे फळा आणि बाकडी. 'मृणाली तरे कोरियन कक्ष'. दुपारी वयनीचा क्लास. आजूबाजूच्या गावांतली पोरं येतील, मोफत. रविवारी तो हे सगळं जाहीर करणार होता.

 मृणालीला ते टेबल जसं होतं तसंच हवं होतं, जुनं, डगमगणारं, शाईचे डाग पडलेलं, आणि तिला कुणालाही काहीही शिकवायचं नव्हतं. दिवसातला तो एक तुकडा जाणार होता आणि जाताना त्याला तिचंच नाव लागणार होतं. रात्रीच्या जेवणाला तिने मनोजपुढे हे मांडलं. मनोज घास घेता घेता म्हणाला की तो एवढ्या प्रेमाने करतोय, त्याचं मन कशाला मोडतेस, आणि तुझंच नाव होतंय ना. नाव. लग्न झाल्यापासून दिवसभर ज्या नावाने घर तिला हाका मारत होतं, तेच नाव आता भिंतीवर लागणार होतं. तिने भात वाढला आणि ती उठून आत गेली. प्रेमाचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

रविवारी वाचनालय ओळखू येत नव्हतं. टेबलं भिंतीला लावून लग्नातल्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. जिन्यापासून रांगोळी, कोपऱ्यात कपाटाएवढे दोन स्पीकर, आणि 'शांतता राखा'वर फुलांची माळ. तऱ्यांच्या घरच्या, भावकीतल्या, कोनच्या, सगळ्या बाया नऊवारीत आल्या होत्या. धोंडूबाई पुढच्या रांगेत, मधोमध. अनंता दाराशी उभा होता, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. अन्सारी चाचाही आले होते आणि कुणीतरी त्यांना फेटा बांधला होता.

उकाडा मरणाचा, आणि त्यात मृणालीच्या अंगावर शाल घातली. नारळ दिला. नारळ मांडीवर घेऊन ती बसली आणि भाषणं सुरू झाली. पहिला पाहुणा स्त्रीशक्तीवर बोलला. दुसऱ्याने कोरियाला तीनदा जपान म्हटलं आणि चौथ्या वेळी चीन. तिसऱ्याने कुणालच्या सामाजिक कार्याचा आढावा घेतला, त्यात गटाराचं एक झाकणही आलं. मग कुणाल उठला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. वहिनीने घरासाठी किती केलं ते तो बोलला, आणि मग, आता घराने वहिनीसाठी काही करायचं, असं म्हणून त्याने खिडकीकडे हात केला. त्याआधी वयनी कोरियनमध्ये दोन शब्द बोलतील, असं सांगून त्याने माइक तिच्या हातात दिला.

ती घरून ठरवून आली होती. मला हे नको, फलक काढा, टेबल राहू द्या, एवढंच बोलून खाली बसायचं. पण माइक हातात घेऊन तिने समोर बघितलं आणि तिला कळून चुकलं की याचा काही उपयोग नाही. सत्काराला आलेली माणसं नकार ऐकत नाहीत. मला काही नको म्हटलं की बघा किती साधी आहे म्हणतात आणि टाळ्या जास्त पडतात. तिच्या डोक्यात तिडीक गेली. शालीखाली घाम, मांडीवर नारळ, आणि खिडकीत स्वतःचीच पांढरी पाठ. मराठीत ऐकत नाहीत ना, मग घ्या कोरियन. तिने डोळे मिटले आणि मिठाची कविता म्हणायला सुरुवात केली, जवळजवळ भांडल्यासारखी.

पहिली ओळ संपली. ती श्वास घ्यायला थांबली आणि कुणालच्या मंडळाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरल्या तशी पुढच्या रांगेतून दुसरंच काहीतरी उठलं. धोंडूबाईंनी ओळ उचलली होती. शेकडो हळदींत कमावलेला आवाज, किनरा आणि लांब जाणारा. शब्द मोडलेले, चाल धवल्याची. मृणालीने डोळे उघडून सासूकडे रागाने पाहिलं. निदान इथे तरी नको. पण धोंडूबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या पुढच्या ओळीची वाट बघत होत्या.

मृणालीने दुसरी ओळ म्हटली. धोंडूबाईंनी उचलली, आणि त्यांच्या मागच्या दोन म्हाताऱ्यांनीही. तिसऱ्या ओळीला कोनच्या बाया होत्या, चौथीला सबंध हॉल. नऊवारीतल्या बाया, एका शब्दाचा अर्थ माहीत नसताना, कोरियन ओळ लग्नघरातल्यासारखी उचलत होत्या. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. उच्चारांची पार वाट लागली होती आणि मृणालीला त्याचा राग येत होता, आणि राग येत असतानाच ती प्रत्येक ओळीनंतर त्यांच्यासाठी थांबत होती. शेवटची ओळ तिने अगदी हळू म्हटली. तीही त्यांनी एकटी पडू दिली नाही.

 खाली लूमची खडखड ऐकू येऊ लागली. कुणाल माइक घ्यायला पुढे झाला, तेवढ्यात धोंडूबाईंनी हात वर केला.

"थांब रं," त्या म्हणाल्या. "मृनाली, आवरे दिस म्हनतंय मी हे तुज्या मागशी. याचा अर्थ काय, तो तं सांग."

एवढ्या दिवसांत आपण तो त्यांना एकदाही सांगितला नव्हता, हे मृणालीच्या तेव्हा ध्यानात आलं. तिने माइक खाली ठेवला. पुस्तकी मराठीत सांगायला तिला जमलं नसतं. ती कोनला, तिच्या आईच्या घरी जशी बोलायची तशी बोलली.

"आय मिठागरानशी आली," ती म्हणाली, "न उंबऱ्यान बसली. चुलीनी तिला हाक न्हाय मारली. विहिरीनी न्हाय मारली. आमीबी न्हाय मारली. दिस बुडंपरत ती कोनाचीच नव्हती."

 रीमाने वड्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. मनोज मागच्या भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. धोंडूबाईंनी आपल्या टाचांकडे बघितलं. मग बोलल्या, कुणालाही उद्देशून नाही.

"मना कवा कोनी असा बसूच दिला न्हाय."

कुणालने तिने ठेवलेला माइक उचलला होता आणि तोंड उघडलं होतं. फळा, बाकडी, एसी, सगळं त्याच्या तोंडात आलेलं होतं. धोंडूबाईंनी त्याला नावाने हाक मारली आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"त्यो फोटू काढ. तिला उजेर मिलत न्हाय. न टेबलाला हात लावू नको."

धोंडूबाईंच्या शब्दापुढे तऱ्यांच्या घरात कुणाची बोलायची टाप नाही. कुणाल खाली बसला. चेहरा असा पडला होता की मृणालीला त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला. मग कुणीतरी आभार मानले, वडे फिरले, अन्सारी चाचांनी फेटा काढून अनंताच्या हातात दिला. मंडळाच्या पोरांनी बाहेर शिडी लावून दोऱ्या कापल्या. फलक खाली आला आणि भरदुपारचा उजेड एकदम खोलीत शिरला. खिडकीची काच किती मळकी आहे ते सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी मृणाली स्वयंपाक आटोपून निघाली. शिंपी नाही, बँक नाही, दात नाही. वाचनालयात जाते, एवढंच तिने सांगितलं आणि कुणी तिला अडवलं नाही. ती चपला घालत होती, तर उंबऱ्यात धोंडूबाई उभ्या. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, हातात बटवा आणि फोन.

"मीबी येतंय," त्या म्हणाल्या.

मृणालीने देवाचं नाव घेतलं. मनातल्या मनात, पण कडक. एवढं रामायण होऊन शेवटी पदरात काय, तर सासूबाई सोबत. रिक्षात त्या बडबडत होत्या, जिना चढताना त्यांचे गुडघे बोलत होते. अनंताने खिडकीचं दार उघडलं. स्त्रियांच्या टेबलाला दोन स्त्रिया बसल्या. उजेडातली बरी खुर्ची अर्थातच धोंडूबाईंनी घेतली, मृणालीच्या वाट्याला डगमगणारी आली. अन्सारी चाचांनी एकदा खोकून पान उलटलं.

आता या बोलणार, या धास्तीने मृणालीने पुस्तक उघडलं. तिने एक ओळ वाचली, दुसरी वाचली. धोंडूबाई बोलल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, भेगाळलेल्या टाचा उन्हाच्या पट्ट्यात ठेवल्या आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पत्रे, तारा, आणि लोंबणाऱ्या कापलेल्या दोऱ्या.

मग त्यांच्या हातातला फोन वाजला. सगळ्या खोलीने मान वर केली. मृणालीचा हात सवयीने पुढे गेला, पण धोंडूबाईंनी फोन कानाला लावला होता. पलीकडून मनोजचा आवाज मृणालीलाही ऐकू येत होता. घरी कुणीतरी आलं होतं, चहाचं विचारत होता, मृणाली कुठे आहे म्हणत होता.

"ती घरान न्हाय," धोंडूबाई हळू आवाजात म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मीबी न्हाय."

त्यांनी फोन बटव्यात टाकून दोरी ओढली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मृणालीला त्यांना काहीतरी विचारायचं होतं, तहान लागली का, पंखा वाढवायला सांगू का. तोंडापर्यंत आलेलं 'आई' तिने गिळलं. ऊन टेबलावरून भिंतीवर जाईपर्यंत तिने सासूला हाक मारली नाही.